आईच्या शिक्षणाचा रकाना



जून महिना म्हणजे आम्हा शिक्षकांचा फॉर्म भरण्याचा महिना. विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडते, पण पहिलीच्या प्रवेशाचे काम आधीच सुरू होते. व्हरांड्यात टेबल टाकून आम्ही बसतो आणि समोर अम्म्यांची रांग लागते. कोणाला टोबणीच्या मजुरीला जायचे असते, कोणाच्या घरी चुलीवर भात ठेवलेला असतो. आधारची झेरॉक्स, जन्माचा दाखला, पासबुक असे एकेक कागद पुढे येत जातात.

त्या फॉर्मवर एक लहानसा रकाना असतो : आईचे शिक्षण. त्याच्याच शेजारी वडिलांच्या शिक्षणाचा. आजवर किती वेळा हे दोन रकाने भरले, त्याची मोजदाद नाही. अंगठा लावणाऱ्या अम्म्या आता क्वचितच येतात, अल्हम्दुलिल्लाह. बहुतेक जणी सही करतात, काही जणी उर्दूत आणि मराठीत दोन्हींत करतात. पण शिक्षण विचारले की उत्तर येते चौथी, सातवी, आठवी, नववी. 'दहावी पास' लिहायची वेळ कमी येते, बारावीची त्याहून कमी. कोणी पदवी सांगितली, तर आम्ही मान वर करून त्या बाईंकडे पाहतो.

गेल्या वर्षीच्या जूनमध्ये रांगेतली एक अम्मी या रकान्यापाशी अडली. तिने विचारले, "बाजी, नववी लिखूं या दसवी? किताबां तो ली थी दसवी की." नववी पास झाल्यावर दहावीची पुस्तके आणली होती, त्यांना कव्हरेही घातली होती, आणि दिवाळीच्या सुट्टीत निकाह झाला. आता वय तेहतीस, तीन मुले. आम्ही नववी लिहिले.

फॉर्म झाल्यावर तिने पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला. तिच्या मोहल्ल्यातल्या अंगणवाडीची जाहिरात होती. विचारायला आली होती ती खरे तर तेच. "नववीपर चलता क्या?"

आम्ही जाहिरात वाचली. सेविकेसाठी बारावी पास. २०२२ मध्ये केंद्राने आणि त्यानंतर २०२३ मध्ये आपल्या राज्याने ही अट घातली. त्याआधी दहावीवर काम भागत होते. आता मदतनीसही बारावी पासच लागते. वय १८ ते ३५, विधवा असेल तर ४० पर्यंत. रहिवासी त्याच गावची. आणि खाली आणखी एक अट होती : ज्या अंगणवाडीतली निम्म्याहून जास्त मुले मराठीशिवाय दुसरी भाषा बोलतात, तिथे ती भाषा जाणणारी बाई हवी. ही शेवटची ओळ वाचताना वाटले, जाहिरात हिच्यासाठीच काढली आहे. घरी उर्दू, शेजारी मराठी, दोन्ही लिपी हातात, तीन मुले वाढवलेली. वरच्या ओळीकडे पाहिले आणि कागद तिला परत दिला.

तिला आशा होती, आपले नाही तर मोहल्ल्यातल्या कोणाचे तरी व्हावे. त्या संध्याकाळी आम्ही दोघी मिळून मोहल्ला फिरलो. बारावी पास, पस्तिशीच्या आतली, तिथेच राहणारी अशी एक मुलगी हवी होती. एक सापडली, तिचे वय निघून गेले होते. एक बारावी करून सासरी गेली होती, दुसऱ्या जिल्ह्यात. एक नर्सिंगला होती, ती शिक्षण सोडून येणार नव्हती, आणि येऊही नये. मुदत संपली. त्या गल्लीतून एकही अर्ज गेला नाही.

आता तिथे गावातल्याच दुसऱ्या भागातली ताई आहे. मनाने चांगली आहे, पोरांकडून उर्दू शब्द शिकते आहे. तिच्याबद्दल काही तक्रार नाही. दोष कोणाचाच काढता येत नाही, आणि म्हणूनच ती संध्याकाळ आमच्या डोक्यातून जात नाही.

*

आपल्या समाजाच्या शिक्षणाबद्दल बोलताना आपण बहुधा 'निरक्षरता' हा शब्द वापरतो. महाराष्ट्रापुरता हा शब्द नेमका नाही. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीने २००६ मध्ये अहवाल दिला, त्याला आधार २००१ च्या जनगणनेचा होता. त्या जनगणनेत महाराष्ट्रातील मुसलमानांची साक्षरता ७८.१ टक्के होती, आणि सगळ्या राज्याची ७६.९ टक्के. म्हणजे आपण राज्याच्या सरासरीच्या थोडे पुढेच होतो. देशात चित्र उलटे होते. तिथे मुसलमान ५९.१ टक्के आणि सगळे मिळून ६५ टक्क्यांच्या आसपास. महाराष्ट्रातल्या या आकड्यामागे एक कारण असे की आपल्या राज्यात दहातले सात मुसलमान शहरांत राहतात, आणि शहरात शाळा जवळ असते.

मग मागे कुठे पडलो? साक्षरतेच्या पुढच्या पायऱ्यांवर. त्याच समितीने वीस वर्षांवरील लोकांचा हिशेब मांडला. देशात या वयाच्या लोकांपैकी सुमारे ७ टक्के पदवीधर किंवा पदविकाधारक होते, मुसलमानांत ४ टक्क्यांहून कमी. २०११ च्या जनगणनेत एकूण लोकसंख्येत पदवी आणि त्यापुढे शिकलेले असे होते : हिंदू ५.९८ टक्के, मुसलमान २.७६, बौद्ध ६.१८, शीख ६.४०, ख्रिस्ती ८.८५, जैन २५.६५. सहा समाजांच्या या यादीत आपण सर्वांत खाली. कॉलेजचे चित्रही फार वेगळे नाही. उच्च शिक्षणाच्या २०२०-२१ च्या अखिल भारतीय पाहणीत एकूण विद्यार्थ्यांत मुसलमान ४.६ टक्के होते, आणि देशाच्या लोकसंख्येत आपण १४ टक्क्यांच्या वर. त्या एका वर्षात मुसलमान विद्यार्थ्यांची संख्या वाढली नाही, पावणेदोन लाखांच्या आसपास घटली.

हे देशाचे आकडे आहेत, महाराष्ट्राचे काही बाबतींत बरे असतील. पण शाळेच्या फॉर्मवरचे दोन रकाने आम्हाला हीच गोष्ट सांगतात. आपण शाळेत जातो, वाचायला शिकतो आणि मध्येच उतरतो, जशी मलकापूरला जाणारी एस.टी. वाटेत मोताळ्यालाच सोडून द्यावी तसे. अर्ध्या रस्त्यावर उतरलेल्या माणसाला साक्षर म्हणतात. जाहिरातीत त्याच्यासाठी जागा नसते.

उतरण्याची ठिकाणे ठरलेली आहेत. आपल्या जिल्ह्यातल्या पुष्कळ गावांत जिल्हा परिषदेची उर्दू शाळा चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंत. पुढचे उर्दू हायस्कूल तालुक्याला किंवा मोठ्या गावात. ग्रामीण भागातल्या मुलींना शाळेसाठी एस.टी.चा मोफत पास मिळतो, पण पास मिळाला तरी बस वेळेवर यायला हवी, आणि अंधार पडायच्या आत परत यायला हवी. ज्यांना जाता येत नाही, त्यांच्यासाठी गावातले मराठी हायस्कूल. सात वर्षे विज्ञान उर्दूत शिकलेले मूल आठवीत मराठी पुस्तक उघडते, तेव्हा पहिले सहा महिने ते विषय शिकत नसते, शब्द शिकत असते. घटक चाचणीत मार्क पडतात, घरी म्हणतात, "इसके बस का नहीं." मुलगा गॅरेजला लागतो, हातगाडी धरतो, नाहीतर कापसाच्या हंगामात जिनिंगवर जातो. चार पैसे घरात येऊ लागले की त्याला परत शाळेत पाठवायला मोठे मन लागते. मुलीचे स्थळ येते. पहिली ते आठवीच्या अल्पसंख्याक मुलांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती होती, तीही २०२२-२३ पासून थांबली. रक्कम लहान होती, पण गरीब घरात 'यंदा राहू दे शाळेत' म्हणायला तेवढे कारण पुरत असे.

आणि एक कारण आम्ही वडील मंडळींच्या तोंडून नेहमी ऐकतो. "पढके क्या करेगा? नोकरी कोण देतं आपल्याला?" यात अनुभव आहे, तो खोटा म्हणून झटकता येणार नाही. महमूदुर्रहमान समितीने राज्यातल्या मुसलमानांची स्थिती तपासून २०१३ मध्ये अहवाल दिला. २०१४ मध्ये शिक्षणात आणि नोकरीत पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. उच्च न्यायालयाने नोकरीतले आरक्षण थांबवले, शिक्षणातले चालू ठेवायला हरकत घेतली नाही. तरीही अध्यादेशाचा कायदा झाला नाही आणि तो संपून गेला. तेव्हा निराशेला जागा आहे. पण या प्रश्नावर आमचे एक म्हणणे आहे. नोकरी देणाऱ्याने दार बंद केले तर त्याच्याशी भांडता येते, अर्ज करता येतो, कोर्टात जाता येते. त्या अंगणवाडीचे दार कोणी बंद केले नव्हते. ते उघडे होते, आणि आत जायला आपल्याकडे कोणी नव्हते.

*

मोठ्यांचे अपुरे शिक्षण त्यांच्यापाशीच थांबत नाही, ते मुलांच्या आणि नातवांच्या कागदांत उतरते. याचे एक उदाहरण तहसीलच्या आवारात रोज दिसते.

आपल्या समाजातल्या बागवान, मण्यार, पिंजारी, तांबोळी, कुरेशी अशा बिरादऱ्या ओबीसीच्या यादीत आहेत. म्हणजे प्रवेशात सवलत आहे, फीमध्ये सवलत आहे. पण जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात. सर्वांत सोपा पुरावा म्हणजे आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा. आता आजोबा शाळेतच गेले नसतील तर उतारा आणायचा कुठून? आणि गेले असतील, तरी त्या काळच्या गुरुजींनी जातीच्या जागी बहुधा नुसते 'मुसलमान' लिहून ठेवलेले. मग कोतवाल बुकाची नक्कल शोधा, चुलत आजोबांचा दाखला शोधा, मूळ गावाला जा. साठ-सत्तर वर्षांपूर्वी एक पोरगा शाळेत गेला नाही, त्याची किंमत आज नातू अ‍ॅडमिशनच्या खिडकीवर मोजतो.

अभ्यासाचेही तेच. आम्ही वर्गात पाहतो, आईने दहावीची परीक्षा दिलेली असेल तर त्या घरात परीक्षेचे वेळापत्रक म्हणजे काय, सराव म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. जिने दिलेली नसते, तिची तळमळ तेवढीच असते, पण वही उघडून कुठे चुकले ते तिला दाखवता येत नाही. ती म्हणते "पढ ले बेटा," आणि पोर पुस्तक उघडून बसून राहते.

एक उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. आपल्या जिल्ह्यात दर सात-आठ माणसांत एक मुसलमान, आणि साधारण तेवढेच बौद्ध. पुष्कळ गावांत मोहल्ला आणि बौद्धवाडा यांच्यात एक रस्ता असतो. देशातल्या बौद्धांपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त आपल्या महाराष्ट्रातच राहतात, म्हणून वर दिलेला त्यांचा ६.१८ चा आकडा बराचसा आपल्याच राज्याचा आहे. ज्यांच्या आजोबांना शाळेच्या बाहेर बसवत होते, त्यांची ही मजल. त्यांना आरक्षण मिळाले, शिष्यवृत्ती मिळाली, वसतिगृहे मिळाली, हे खरे आणि ते योग्यच झाले. पण डॉ. आंबेडकरांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि १९५० मध्ये औरंगाबादेत कॉलेज सुरू केले, तेव्हा त्या समाजाच्या घरांत एक गोष्ट ठरली होती : पोटाला चिमटा बसला तरी पोराची शाळा सुटणार नाही. सवलत सरकार देऊ शकते, हा ठराव घरात व्हावा लागतो.

*

आता कोणी म्हणेल, झाले ते झाले, मुलांकडे पाहू, मोठ्यांचे काय घेऊन बसलात? आम्हालाही पूर्वी असेच वाटे.

अमेरिकेतली एक हकिकत वाचल्यापासून आमचे मत बदलले. तिथल्या साउथ कॅरोलिना राज्यात जॉन्स आयलंड नावाचे बेट आहे. १९५० च्या सुमारास तिथल्या काळ्या लोकांना मतदार यादीत नाव घालायचे तर राज्यघटनेचा उतारा वाचून दाखवावा लागे. पिढ्यान्पिढ्या त्यांना धड शाळाच मिळाली नव्हती, म्हणजे मतही नाही. एसाव जेन्किन्स नावाचा एक बसचालक होता, तो बसमधल्या प्रवाशांना तो उतारा शिकवू लागला. पुढे सेप्टिमा क्लार्क या शिक्षिकेच्या मदतीने १९५७ च्या जानेवारीत मोठ्या माणसांचा वर्ग सुरू झाला. गोऱ्यांच्या लक्षात येऊ नये म्हणून पुढे दुकान आणि मागच्या खोलीत वर्ग. शिकवायला मुद्दाम शिक्षक घेतला नाही. बर्निस रॉबिन्सन नावाची केशभूषा आणि शिवणकाम करणारी बाई घेतली, कारण तिच्यासमोर लोकांना लाज वाटणार नव्हती. तिने क ख ग पासून सुरुवात केली नाही. मनीऑर्डर कशी भरायची, दुकानाचा ऑर्डर फॉर्म कसा भरायचा, स्वतःचे नाव कसे लिहायचे, इथून केली. पुढे दक्षिणेत असे शेकडो वर्ग निघाले.

आम्ही बी.एड.ला असताना अध्यापनाच्या पद्धती शिकलो. पण मोठ्या माणसाला पहिल्यांदा लाजेच्या बाहेर काढावे लागते, हे त्या केशभूषा करणाऱ्या बाईला आमच्याहून जास्त कळत होते.

दूर जायचेही कारण नाही. आपल्या दीनमध्ये शिकण्याला वयाची अट कधीच नव्हती. पहिली वही उतरली ती चाळीस वर्षांच्या वयात, आणि तिचा पहिला शब्द वाचण्याचा होता. बदरच्या लढाईतल्या ज्या कैद्यांकडे फिदिया द्यायला पैसा नव्हता पण लिहिता येत होते, त्यांची सुटका मदिनेच्या मुलांना लिहायला शिकवण्याच्या बदल्यात झाली. आणि उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) यांना लिहायला शिकवले ते हजरत शिफा बिन्त अब्दुल्लाह (रजि.) यांनी. मोठी, घरसंसारातली बाई दुसऱ्या बाईकडून लिहायला शिकते आहे, आणि तेही नबी-ए-करीम (स.) यांच्या घरात. "अब इस उमर में?" असे ज्यांना वाटते, त्यांनी हे आठवावे.

*

तर करायचे काय? नेमके सांगतो, कारण 'शिका शिका' म्हणणारे पुष्कळ असतात, खिडकी कोणती ते कोणी सांगत नाही.

ज्यांना वाचता-लिहिता येतच नाही, त्यांच्यासाठी 'उल्लास' हा नवसाक्षरता कार्यक्रम २०२२ पासून पाच वर्षांसाठी आहे. वय १५ च्या पुढे कितीही. नाव जवळच्या शाळेत नोंदवायचे. शेवटी वाचन, लेखन आणि हिशेब अशी दीडशे गुणांची परीक्षा होते, २०२४ पासून ती मार्च महिन्यात शाळांतच घेतली जाते. आजी-आजोबांना घेऊन या, लाजू नका.

ज्यांनी पाचवी पास करून पुढे केव्हातरी शाळा सोडली, त्यांच्यासाठी दहावीचा '१७ नंबरचा फॉर्म'. पाचवी पास असल्याचा दाखला आणि १४ वर्षे पूर्ण, एवढेच लागते. मधली सहावी, सातवी, आठवी, नववी द्यावी लागत नाही. अर्ज ऑनलाइन, कागद मंडळाने नेमलेल्या शाळेत द्यायचे, परीक्षा उर्दू माध्यमातूनही देता येते. अर्जाच्या तारखा मंडळ पावसाळ्यात जाहीर करते, म्हणून हा अंक वाचून झाला की चौकशीला लागा. दहावीनंतर दोन वर्षांनी बारावीलाही असाच फॉर्म भरता येतो.

ज्यांना एका दमात सगळे विषय झेपणार नाहीत, त्यांच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालय, ज्याला लोक एनआयओएस म्हणतात. पाच विषय, पाच वर्षांची मुदत, वर्षातून दोनदा परीक्षा. यंदा एक विषय, पुढच्या खेपेला दुसरा, असे करता येते. उर्दू आणि मराठी दोन्ही माध्यमे आहेत. लहान मूल कडेवर असलेल्या अम्मीला हाच रस्ता सोयीचा. आणि बारावी झालेल्यांना नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवी घरी राहून करता येते.

अडचण कुठे येते तेही सांगतो. बायकांच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे. जन्मतारखा जुळत नाहीत. पुष्कळ जणींची हिंमत इथेच संपते. घाबरू नका. निकाहनामा, विवाह नोंदणीचा दाखला, दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र हे कागद एकदा करून ठेवले की पुढे प्रत्येक ठिकाणी कामी येतात.

हे फक्त बायकांसाठी नाही. पंधरा वर्षे वायरिंग करणारा आमचा एक जुना विद्यार्थी आहे. नवे घर त्याच्या हातून उजळते, पण आयटीआयच्या इलेक्ट्रिशियनला प्रवेश हवा तर दहावी पास लागते, आणि कागद नाही म्हणून तो दुसऱ्याच्या हाताखाली काम करतो. हुनर त्याचा आणि बिल दुसऱ्याच्या नावाचे. यंदा त्यानेही १७ नंबरची चौकशी केली आहे.

*

त्या अम्मीचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो.

आम्ही तिला पहिल्याच दिवशी हिशेब करून दाखवला होता. आज फॉर्म भरला तर दहावी चौतिसाव्या वर्षी, बारावी छत्तिसाव्या-सदतिसाव्या. अंगणवाडीची वयोमर्यादा त्याआधीच संपेल. खोटी आशा दाखवणे आम्हाला जमले नाही. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "फिर भी भर दो बाजी." नवऱ्याला तिने स्वतः विचारले. तो हमाली करतो. त्याने फीचे पैसे दिले आणि गणिताचे गाइड कुठून तरी जुने आणून दिले.

तिच्यासोबत आणखी दोघी तयार झाल्या. तिच्या घराच्या ओसरीवर जोहर आणि असरच्या मध्ये वर्ग बसू लागला. गणित शिकवायला मोहल्ल्यातलीच बी.एस्सी.ला असलेली मुलगी येते, भाषा आम्ही घेतो. एक जण बाळंतपणासाठी माहेरी गेली, तिचे राहिले. मार्चमध्ये दोघी परीक्षेला बसल्या, युनिफॉर्ममधल्या पोरांच्या मधल्या बाकावर. एकीचा मोठा मुलगा शेजारच्या खोलीत दहावीचाच पेपर देत होता. ती पास झाली, आणि तिचा मुलगाही.

आमची ही अम्मी गणितात राहिली. बाकी सगळे विषय सुटले. निकालाच्या दिवशी ती रडली, दुसऱ्या दिवशी दुपारी वही घेऊन ओसरीवर बसली. हा अंक तुमच्या हाती येईल त्या सुमारास तिचा पुरवणी परीक्षेचा पेपर असेल. दुआ करा.

या जूनमध्ये ती धाकट्याला पहिलीत घालायला आली होती. टेबल तेच, रांग तीच, फॉर्म तोच. 'आईचे शिक्षण' या रकान्यापाशी आमचा पेन थांबला. आम्ही तिच्याकडे पाहिले.

"नववीच लिखो बाजी," ती म्हणाली. "पेन्सिल से लिखो."

आम्ही पेन्सिलीने लिहिले आहे.

तुम्हीही या महिन्यात एवढे करा. घरातली पेटी उघडा, अम्मीचा, बहिणीचा, भाभीचा, स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला शोधून काढा आणि शेवटची पास झालेली इयत्ता पाहा. दाखला सापडत नसेल तर त्या शाळेत जाऊन दुय्यम प्रतीचा अर्ज द्या. कोणी फॉर्म भरला तर आम्हाला मासिकाच्या पत्त्यावर कळवा. पुढच्या महिन्यात मोठ्यांना गणित कसे शिकवावे यावर लिहू, इन्शाअल्लाह. ओसरीवर आम्हाला सर्वांत जास्त त्यानेच शिकवले.